फुलपाखराचं बिल: सांता क्लारा आणि आपल्या टेकड्या

कोयनाकाठ (धागाकर्ता)

माझा मावसभाऊ मॉर्गन हिलला घर बांधतोय. कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या दक्षिणेला, आमच्याकडून गाडीने अर्धा तास. छोटा रिकामा प्लॉट आहे. परवानगीच्या वेळी फीची यादी हातात पडली. शाळेची, पाण्याची, रस्त्याची अशा नेहमीच्या ओळी आणि त्यांच्याखाली एक ओळ: नायट्रोजन. त्याने फोटो काढून मला पाठवला आणि विचारलं, "मी घर बांधतोय की युरियाचा कारखाना?"

मलाही ठाऊक नव्हतं. शोधत गेलो तर ती फी एका फुलपाखराची निघाली.

हायवे १०१ ला समांतर कोयोटी रिज नावाची डोंगररांग आहे. दगड सर्पेंटाइनचा, हिरवट, हात फिरवला तर साबणासारखा लागतो. त्या मातीत नायट्रोजन जेमतेम, कॅल्शियम कमी, मॅग्नेशियम आणि निकेल मात्र भरपूर. खात्यापित्या गवताला ती मानवत नाही, म्हणून तिथे स्थानिक बारकी फुलं टिकून राहिली. त्यांच्यातच बोटभर उंचीचं एक रोप आहे, प्लँटॅगो, म्हणजे आपल्या इसबगोलाचं चुलत भावंड. बे चेकरस्पॉट फुलपाखराच्या अळ्या प्रामुख्याने त्यावर वाढतात. १९८७ पासून हे फुलपाखरू अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे.

आता गंमत बघा. हायवेवरच्या गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन डोंगरावर येऊन बसतो. नापीक जमिनीला फुकटचं खत! खत मिळालं की बाहेरून आलेलं इटालियन रायग्रास माजतं आणि बोटभर प्लँटॅगो त्याच्याखाली गुदमरतो. स्टुअर्ट वाइस या शास्त्रज्ञाने १९९९ मध्ये हे सगळं मांडलं. जिथली गुरं हलवली तिथली फुलपाखरं काही वर्षांत संपली आणि जिथे गुरं चरत राहिली तिथे टिकली, हेही दाखवलं. म्हणजे औषध काय, तर गाई चरायला सोडा.

मार्चअखेरीस मी स्वतः वर जाऊन आलो. हा भाग २०२३ पासून लोकांना खुला आहे. एका ठिकाणी कुंपणाच्या अलीकडे गाईंनी गवत कातरल्यासारखं केलेलं, जमिनीलगत पिवळी-पांढरी फुलं, मध्ये शेणाचे पो. पलीकडे गुडघाभर हिरवंगार गवत आणि फूल औषधालाही नाही. माझ्यासारखा माणूस पलीकडची बाजू बघूनच "वा, काय निसर्ग!" म्हणाला असता.

तर त्या फीबद्दल. सांता क्लारा काउंटी, सॅन होजे, मॉर्गन हिल, गिलरॉय ही तीन शहरं, पाणीपुरवठ्याची संस्था आणि वाहतूक संस्था अशा सहा स्थानिक संस्थांनी मिळून ५ लाख १९ हजार एकरांसाठी एकच अधिवास योजना केली. ती २०१३ पासून लागू आहे, मुदत ५० वर्षं. नऊ प्राणी आणि नऊ वनस्पती अशा १८ जाती त्यात येतात आणि एकूण सुमारे ४६ हजार एकरांचं राखीव क्षेत्र उभं करायचं आहे. पैसा मुख्यतः बांधणाऱ्यांकडून. डोंगरावरच्या कुरणात बांधलंत तर दर सर्वात जास्त, सपाटीवरच्या शेतजमिनीत कमी, वस्तीतल्या रिकाम्या तुकड्यावर त्याहून कमी. सर्पेंटाइनवर बांधलंत तर वेगळा आकार, पाणथळीत वेगळा. आणि नायट्रोजनची फी गाडीच्या फेऱ्यांवर. एका स्वतंत्र घराच्या दिवसाला साडेनऊच्या आसपास फेऱ्या धरतात. भावाच्या बिलात आलेली ओळ तीच.

आधी काय होतं? प्रत्येक बिल्डर स्वतंत्रपणे वन्यजीव खात्यांच्या दारात जायचा, दोन-तीन वर्षं घालवायचा आणि शेवटी नुकसानभरपाई म्हणून कुठेतरी दोन एकरांचा तुकडा राखायचा. असे शंभर तुकडे जोडले तरी त्यातून कुरण होत नाही. १९८२ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा योजनांची वाट खुली झाली. पहिली योजना १९८३ ची, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रूनो डोंगराची. तीही फुलपाखरांसाठीच.

मी मूळचा कराडकडचा, पुण्यात शिकलो, वेताळ टेकडीवर सकाळी पळायचो. म्हणून विचारावंसं वाटतं. आपल्याकडे टेकड्यांवर आरक्षण आहे, गावोगाव जैवविविधता समित्या आहेत, कायदाही २००२ चा आहे. पण टेकडी राखायचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं, हे आपण कधी ठरवलं का? इथे आधी तेच ठरलेलं दिसतं.

---

ताकभात

गाय फुलपाखरू वाचवते. कृपया हा धागा आमच्या फॅमिली ग्रुपपर्यंत पोचू देऊ नका.

---

बावधनकर

लेख चांगला आहे. आता आमचं ऐका.

आमची तेवीस गावं १९९७ ला पुणे महापालिकेत आली. नंतरच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर हिरवा रंग मारला, नाव दिलं जैवविविधता उद्यान, म्हणजे बीडीपी. सुमारे ९७६ हेक्टर. शासनाचा निर्णय यायला २०१५ उजाडलं: बांधकाम बंद, मोबदला ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. गणित करा. एक गुंठा दिला की ८७ चौरस फुटांचा कागद मिळणार. आमच्या आजोबांनी त्या उतारावर हुलगे पेरले, गुरं चारली, सातबारा आजही आमच्या नावावर आहे. विकता येत नाही, बांधता येत नाही, आणि शेजारी रात्रीत मुरूम ओढून अर्धा-अर्धा गुंठा नोटरीवर विकला जातो. तिथे पत्र्याची खोली, मग वीज, मग रस्ता. नियम पाळले ते वेडे ठरले.

मी एकदा एका सरकारी कार्यालयात गेलो, आमची जमीन ताब्यात घ्या आणि मोबदला द्या म्हणून. साहेब म्हणाले, "प्रस्ताव द्या." दिला. वर्षाने विचारायला गेलो तर म्हणाले, "कुठल्या टेबलावर दिला होता?"

टेकडी राहावी असं मलाही वाटतं, लहानपण तिथेच गेलंय. पण सगळ्या शहराला हवा पाहिजे आणि पैसे एकट्या बावधनच्या चार घरांनी मोजायचे, हा कुठला न्याय? त्या तुमच्या कॅलिफोर्नियात जमीनमालकाचं काय करतात ते आधी सांगा. फुलपाखराचं नंतर बघू.

---

कोयनाकाठ

बावधनकर, प्रश्न रास्त आहे.

राखीव क्षेत्रासाठी जमीन घ्यायची तर मालकाची खुशी लागते आणि बाजारभाव द्यावा लागतो. योजनेच्या नावाखाली सक्तीने घेत नाहीत. दोन रस्ते आहेत. एक, सरळ खरेदी. दुसरा मला जास्त आवडला: जमीन मालकाचीच राहते, तो गुरं चारतो, मुलांना देतो, विकतोसुद्धा. फक्त बांधकामाचा हक्क तो कायमचा विकून टाकतो आणि त्याचे पैसे घेतो. जमीन तुझी, बांधायचा हक्क आमचा, आणि तो आम्ही कधीच वापरणार नाही, असा करार. बऱ्याच गुराख्यांना तो परवडतो, कारण तसंही त्यांना चरायलाच हवी असते.

सगळंच या योजनेतून होतं असं मात्र नाही. कोयोटी व्हॅली नावाची सपाट दरी दोन डोंगररांगांना जोडते, रानमांजरं, हरणं तिथून ये-जा करतात. डॉट-कॉमच्या तेजीत सिस्को ही संगणक क्षेत्रातली कंपनी तिथे वीस हजार माणसांचा कॅम्पस बांधणार होती. तेजी फुटली आणि ते बारगळलं. पुढे २०१९ मध्ये शहर, एक भूसंधारण न्यास आणि खुल्या जागांचं प्राधिकरण यांनी मिळून ९३७ एकर ९.३ कोटी डॉलरला घेतले. शहराचा वाटा मतदारांनी आदल्या वर्षी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतून. म्हणजे एवढं करूनही शेवटी खिशात हात घालावाच लागला.

---

सूर्यास्तकर

सॅन डिएगोत वीस वर्षं राहतोय, म्हणून थोडं विरजण घालतो. (ताकभात, तुमचा मान राखून.)

आमच्याकडची योजना तुमच्याहून जुनी, १९९७-९८ ची. ८५ जाती, १ लाख ७२ हजार एकरांचं उद्दिष्ट. कागदावर भव्य. पण अशा योजनेतून जो परवाना मिळतो त्यात नक्की काय असतं ते स्पष्ट सांगायला हवं: ठरावीक मर्यादेत त्या जिवांना मारायची, त्यांची घरं मोडायची कायदेशीर मुभा. बदल्यात दुसरीकडची जागा राखायची. मोडतोड आज होते, राखण पुढच्या पन्नास वर्षांत. यातलं कुठलं हमखास घडतं ते सांगायला नको.

शिवाय १९९८ पासून केंद्राचा नियम आहे: पुढे परिस्थिती अनपेक्षितपणे बिघडली तरी परवानाधारकाकडून जास्तीची जमीन किंवा पैसा मागायचा नाही. बिल्डर त्यासाठीच योजनेत आले. निसर्ग मात्र असा करार करत नाही.

आणि एक अनुभव. इथे व्हर्नल पूल म्हणतात अशी पावसाळी डबकी असतात. चार महिने पाणी, बाकी वर्ष भेगाळलेली माती. त्या मातीत फेअरी श्रिम्प नावाच्या जिवाची अंडी वर्षानुवर्षं सुकून पडलेली असतात, पाणी आलं की जागी होतात. शहराच्या योजनेत त्यांचं संरक्षण पुरेसं नाही म्हणून २००६ मध्ये फेडरल कोर्टाने त्या जिवांपुरते परवाने थांबवले. शहराला पुढे डबक्यांसाठी वेगळी योजना करावी लागली. आणि ही डबकी सहज दिसतही नाहीत. उन्हाळ्यात पाहणीला गेलात तर नुसता खड्डा.

तरी मी योजनेच्या बाजूचाच आहे. नसती तर दोन्ही गेलं असतं.

---

ताकभात

विरजण लागलं. पण एक बाळबोध शंका. नायट्रोजन फी घर बांधणाऱ्याने भरायची आणि हायवेवरून रोज जाणाऱ्या जुन्या गाड्यांचं काय? भावाच्या साडेनऊ फेऱ्यांनी असा काय उजेड पडतो?

---

कोयनाकाठ

मलाही हेच खटकलं. जुन्या पापाची वसुली नव्या घराकडून होतेच थोडी. फी लावायची तर परवानगी मागायला कोणीतरी खिडकीवर यावं लागतं. जो कधीच खिडकीवर येत नाही त्याला पकडणार कसं? भाऊ म्हणाला, "मी एकटाच सापडलो." पण भरली त्याने. आता पाहुण्यांना सांगतो की आमच्या घरात एक फुलपाखरू वाटेकरी आहे.

---

नोंदवही

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं. २०१९ च्या शेवटी काही महिने लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करायच्या कामावर होते, म्हणून आतली गोष्ट सांगते.

कायदा उत्तम आहे. कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने, ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत, जैवविविधता समिती नेमायची आणि गावातल्या माणसांकडून नोंदवही लिहून घ्यायची: कुठलं झाड कुठे, कुठला मासा कुठल्या डोहात, कोण काय औषधाला वापरतं. अनेक वर्षं बहुतेक ठिकाणी काही झालं नाही. मग हरित लवादाने ऑगस्ट २०१९ मध्ये मुदत घातली: ३१ जानेवारी २०२०, त्यानंतर राज्याला महिन्याला दहा लाखांचा दंड. आणि मग काय धावपळ! महाराष्ट्रात अठ्ठावीस हजारांवर समित्या. आम्हाला एका गावाला दोन दिवस मिळायचे. एका दिवशी तीन गावंही केली आहेत. थंडीत जाऊन पावसाळी वनस्पती लिहायच्या. वही वेळेत भरायची म्हणून शेजारच्या गावाची यादी उतरवलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. (मी उतरवली का? पुढचा प्रश्न विचारा.)

कोयनाकाठ विचारतात बिल कोणाच्या नावावर. आपल्याकडे नोंद करायचा आदेश आहे, नोंदीवरून पुढे काय करायचं याला माणूसही नाही आणि पैसाही नाही. बांधकामाच्या परवानगीचा कागद आणि ही वही एका टेबलावर कधी येतच नाहीत. सॅन होजेत वेगळं एवढंच दिसतं की ती दोन्ही एका खिडकीत आणली.

अपवाद आहेत, तेही सांगायला हवेत. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला मिरिस्टिकाची दलदल आहे, रानजायफळाच्या कुळातली झाडं, मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर आलेली. देवराई म्हणून गावाने राखली, नंतर शासनाने जैविक वारसा स्थळ जाहीर केलं. क्षेत्र किती? २.५९ हेक्टर. आंबोलीला हिरण्यकेशीचं उगमस्थान २०२१ मध्ये तसंच जाहीर झालं, तिथल्या छोट्या माशासाठी. तेही दोन हेक्टरांच्या आसपास. देवाच्या नावावर टिकलेले हे ठिपके अनमोल आहेत. पण दोन ठिपक्यांच्या मधला डोंगर कोणाच्याच वहीत नाही.

---

बावधनकर

नोंदवहीताई, टेकडीवर वृक्षारोपण होतं त्याबद्दलही लिहा. दर जूनला फोटो काढायला गाड्या भरून येतात.

---

नोंदवही

दुखरी नस! पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि खुरट्या झुडपांच्या. हिरवाई दाखवायची म्हणून त्यांच्यावर ग्लिरिसिडिया लावला. गिरिपुष्प म्हणतात, मूळ मध्य अमेरिकेचा, शेंगवर्गीय. म्हणजे मुळांवाटे नायट्रोजन जमिनीत घालणारा! तिकडे गाड्यांच्या धुराने खत पडतंय म्हणून फी घेतात, इथे आपणच खत घालणारं झाड खड्डे खणून लावलं. त्याच्याखाली आपली गवतं, कंद, छोट्या ऑर्किड टिकत नाहीत. पण फोटोत हिरवं दिसतं.

कुंपणापलीकडच्या गुडघाभर गवताचं जे लिहिलंय ना, ते वाचून मी उठून चहा करून आले.

---

सड्यावरची

मी फक्त वाचते, कधी लिहीत नाही. पण डबक्यांचं वाचून राहवलं नाही.

आमचं गाव सिंधुदुर्गात, नाव नको. वर मोठा सडा आहे, जांभ्याचा कातळ. आमच्या सड्यावरही अशी डबकी भरतात आणि त्यांच्यात पारदर्शक, उलटं पोहणारे किडे असतात. लहानपणी ओंजळीत धरायचो. ते सूर्यास्तकरांचे फेअरी श्रिम्पच असावेत का? पाऊस सुरू झाला की पांढरी दीपकाडी येते, मग निळी सीतेची आसवं, गेंद. ऑक्टोबरात सगळं करपतं. आणि नेमकं तेव्हा बाहेरचे लोक जमीन बघायला येतात. आंबा-काजूसाठी कातळ सुरुंगाने फोडतात, बाहेरून माती आणून ओततात. आमच्या काकांना विचारलं, सडा विकताय का, तर म्हणाले, "थंय काय आसा? कातळ नि गवत."

ही वही आमच्या ग्रामपंचायतीतही असेल ना? बघायला मिळते का कोणालाही?

---

नोंदवही

उलटं पोहत असतील तर बहुधा तेच. फेअरी श्रिम्प पोट वर करूनच पोहतात, आणि सह्याद्रीच्या नावाची त्यांची एक जातही आहे. फोटो मिळाला तर पाठवा.

वही जरूर मागा, तुम्ही गावच्याच आहात. समितीत निदान सात माणसं असतात, त्यांची नावंही विचारा. कधीकधी सदस्यालाच माहीत नसतं की तो सदस्य आहे.

---

सूर्यास्तकर

जगाच्या दोन टोकांना तोच किडा आणि तीच जमीन "पडीक". थांबतो, नाहीतर कविता व्हायची.

---

सड्यावरची (नऊ दिवसांनी)

वही मिळाली. तीन हेलपाटे झाले. पहिल्यांदा किल्ली नव्हती, दुसऱ्यांदा ग्रामसेवक तालुक्याला मीटिंगला. काल मिळाली. कपाटात मतदार यादीच्या गठ्ठ्याखाली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरी करकरीत. झाडांच्या यादीत आंबा, काजू, फणस, नारळ. पक्ष्यांत मोर, कावळा, चिमणी. आमच्या गावात नसलेल्या एका नदीतले मासेही आहेत. सड्यापुढे एकच शब्द: पडीक.

समितीच्या सातांत माझ्या काकांचं नाव आहे! त्यांना विचारलं तर म्हणाले, "माका कोण सांगता? सही घेऊन गेलो एकदा."

ग्रामसेवकांना म्हटलं, मला यात भर घालायची आहे. माणूस चांगला आहे, खुर्ची दिली. म्हणाले, ठराव व्हावा लागेल, ग्रामसभेत विषय मांडा. तोवर काय लिहायचं ते वेगळ्या कागदावर लिहून आणा, आणि वहीत लिहायचंच असेल तर पेन्सिलीने लिहा. मी सड्याच्या ओळीपुढे पेन्सिलीने दीपकाडी लिहून आले. आता एप्रिल आहे, वर जाऊन बघितलं तर खरंच काही नाही, पायाला चटके.

नोंदवहीताई, तुम्ही येऊ शकाल का? राहायची सोय आमच्याकडे.

---

नोंदवही

येते. पण आत्ता नको. पहिला पाऊस झाला की मेसेज करा, आठवड्याभरात दीपकाडी फुलते आणि डबकीही भरलेली सापडतील. काकांना बरोबर घ्या, कुठलं डबकं किती दिवस टिकतं ते त्यांनाच माहीत असेल. ग्रामसभा ऑगस्टच्या आधी नको. तोवर आपल्याकडे फोटो, तारखा आणि गावातली नावं असतील.

---

बावधनकर

ग्रामसभेत पहिला प्रश्न येईल तो आधीच सांगून ठेवतो: "सडा राखला तर आमका काय मिळताला?" उत्तर तयार ठेवा. ८ टक्के म्हणू नका.

---

ताकभात

कोयनाकाठ, भावाला विचारा, पावती देतात का त्या फीची? बावधनकरांना फ्रेम करून पाठवू.